खिशातला जॉब

मोजमापाच्या एका कोर्सला कारखान्यातून एक जण आला होता. चहाच्या सुट्टीत त्याने शर्टाच्या वरच्या खिशातून एक जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग, काढला. कॉटन वेस्टच्या तुकड्यात गुंडाळलेली, बोटभर लांबीची, सेंटरलेस ग्राइंडिंग करून, म्हणजे दोन चाकांमध्ये फिरवत घासून आलेली पिन. खिशाला कूलंटचा पिवळट डाग होता. ट्रेनरच्या एका हातात कागदी कप, दुसऱ्या हातात बिस्किट. "सर, मायक्रोमीटरवर ओके येतेय. पण कस्टमरकडे होलात जात नाही." ट्रेनर हसला, म्हणाला, "चांगला प्रश्न आहे. जेवणानंतर बघू." जेवणानंतर सूत्रं होती, मग फीडबॅकचे फॉर्म, मग सर्टिफिकेट छातीशी धरून ग्रुप फोटो. फोटोत तो दुसऱ्या रांगेत, कडेला. खिसा किंचित फुगलेला. पिन आली तशीच परत गेली.

पुण्याजवळच्या भोसरीतल्या त्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसून मी हे पाहिलं आणि ते डोक्यातून जाईना. ट्रेनर वाईट नव्हता. विषय पक्का, बोलणं स्वच्छ, फळ्यावरचं अक्षर तर हेवा वाटावा असं. वीसेक वर्षं क्वालिटीत काढून त्याने नोकरी सोडली होती आणि त्याला सल्लागार म्हणून कामं हवी होती. कोर्स घेतले की ओळखी होतील, ओळखीतून कामं मिळतील, असा साधा हिशेब होता. हिशेब चुकीचाही नाही. पण ज्या कामाची वाट पाहत तो उभा होता, तेच कॉटन वेस्टमध्ये गुंडाळून समोर आलं आणि त्याने त्याला जेवणानंतरची वेळ दिली.

आपल्याकडे शिकवणं आणि धंदा करणं यांच्यामध्ये एक जुनं कुंपण आहे. मास्तराने मास्तरासारखं राहावं, दुकानदाराने दुकानदारासारखं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं, तेव्हा तिथे सायकल विकत मिळायची आणि ती चालवायला शिकवण्याचे वेगळे पैसे पडायचे. त्या काळी सायकल ही चीजच नवी होती. चालवता येणार नसेल तर ती घेणार कोण? शिकवणीतून गिऱ्हाईक तयार होई आणि शिकता शिकता कोण घेणार, कोण नुसती हौस भागवणार, हेही दुकानदाराला कळत असणार. आज मोजमापाचा कोर्स घेणाऱ्याचं याहून फार वेगळं नाही. फरक इतकाच की सायकल दारात उभी दिसते, सल्ला दिसत नाही.

आधी गुरुवारचं सांगायला हवं. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणून खुले कोर्स बहुतेक गुरुवारी ठरतात, मालकाचं प्रॉडक्शन बुडत नाही. बुडते ती येणाऱ्याची सुट्टी. सकाळी साडेनऊला हॉलमध्ये जे चेहरे दिसतात त्यांच्यावर घरचं राहिलेलं काम लिहिलेलं असतं. गॅसचा नंबर, मुलाची शाळा, गावाकडे नेऊन द्यायची आईची औषधं. त्यातले अर्धे स्वतःहून आलेले नसतात, ऑडिट जवळ आलं म्हणून पाठवलेले असतात. अशा माणसांना पहिला तासभर मानकांचा इतिहास ऐकवणारा ट्रेनर अकरा वाजेपर्यंत निम्मा वर्ग गमावून बसतो. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्तेचं मानक २०१६ साली आलं, हे त्यांच्या कंपनीच्या गेटवरच्या बोर्डावरही लिहिलेलं असतं. ते सांगायला हॉल कशाला हवा?

पैशाचं गणित रोखठोक मांडू. समजा १४ जण, प्रत्येकी २,८०० रुपये. जमले ३९,२००. हॉलचे ९,०००. चहा-नाश्ता-जेवण माणशी ३५० धरून, ट्रेनर आणि मदतनीस मिळून १६ पानांचे ५,६००. नोट्स आणि सर्टिफिकेटं माणशी १५० प्रमाणे २,१००. मदतनिसाचे १,५००. खर्च १८,२००, हाती २१,०००. ऐकायला बरं वाटतं. पण त्या एका दिवसासाठी दोन दिवस तयारीत गेलेले असतात आणि चार दिवस कंपन्यांना फोन करण्यात, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकण्यात. सात दिवसांचे २१,०००, म्हणजे दिवसाला ३,०००. त्यातून गेजेस, म्हणजे मोजायची साधनं, कॅलिब्रेट करून आणायची, लॅपटॉप सांभाळायचा, महिन्यात एखादी बॅच भरलीच नाही तर तो महिना तसाच ढकलायचा. नुसत्या कोर्सवर घर चालत नाही. हा आकडा आधी वहीत लिहून न पाहिल्यामुळे कितीतरी चांगली माणसं वर्षभराने पुन्हा नोकरी शोधू लागतात.

आणि बॅच १४ चीच का, ४० ची का नाही? चाळिसांत पैसे तिपटीने मिळतील. मिळतील, पण चाळीस जणांच्या खिशात काय आहे ते कळणार नाही.

एका मायक्रोमीटरभोवती तीन माणसं बसू शकतात. पाच टेबलं, पाच मायक्रोमीटर, पंधरा माणसं, ही एका शिकवणाऱ्याच्या नजरेची हद्द. गेज आर अँड आरचा, म्हणजे गेजमुळे आणि मोजणाऱ्यामुळे मापात किती फरक पडतो ते पाहण्याचा, नेहमीचा अभ्यास घ्या: १० जॉब, ३ माणसं, प्रत्येकाने प्रत्येक जॉब ३ वेळा मोजायचा, एकूण ९० रीडिंग. जॉबवर मार्करने नंबर टाकायचा, पण मोजणाऱ्याला तो दिसू द्यायचा नाही. क्रम प्रत्येक फेरीत बदलायचा. लिहिणारा वेगळा, मोजणारा वेगळा. ऐकायला सोपं आहे, आणि पहिल्याच फेरीत बिघडतं. मोजणारा शेजाऱ्याच्या कागदात डोकावतो. "तुझं किती आलं, झिरो झिरो सात? माझंपण सातच धर." एक जण मायक्रोमीटरचा दाब सारखा ठेवणारं रॅचेट न फिरवता थिंबलच आवळतो. दुसरा जॉब इतका वेळ हातात धरतो की तो कोमट होतो. १२ मिलिमीटरच्या स्टीलला दहा अंशांची ऊब मिळाली तर व्यास जेमतेम सव्वा-दीड मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतो, त्याने आभाळ कोसळत नाही. पण १०० मिलिमीटरचा जॉब ग्राइंडरवरून गरमागरम उचलून मोजला तर तीच ऊब अकरा-साडेअकरा मायक्रॉन खाते. त्या पाच टेबलांमधून फिरणाऱ्याला तासाभरात समजतं की कोणाच्या कंपनीत काय चालतं. माणूस कारखान्यात जसा मोजतो तसाच इथे मोजतो, हाताची सवय गेटवर ठेवून येता येत नाही.

सगळ्यात मोठी गफलत होते ती दहा जॉब निवडताना. कारखान्यातला माणूस बिनमधून सलग दहा उचलतो. सलग निघालेले दहाही जवळपास सारखे, मग जॉबांमधला फरक गेजच्या फरकापुढे नगण्य ठरतो आणि एकूण फरकाशी ताडून पाहिलं तर चांगलं गेजही नापास होतं. उलटही होतं. एखादा हुशार इन्स्पेक्टर मुद्दाम दोन रिजेक्ट जॉब त्यात मिसळतो, जॉबांमधला फरक फुगतो आणि सुमार गेज पास. जॉब वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या शिफ्टचे, प्रोसेस खरोखर जितकी हलते तितका पट्टा व्यापणारे हवेत. एकूण फरकात गेजचा वाटा १० टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, ३० च्या वर गेला तर गेज बाजूला ठेवायचं, आणि मधला पट्टा जॉबचं महत्त्व बघून ठरवायचा. हे सगळ्या पुस्तिकांत असतं. दहा जॉब कसे निवडायचे याच्यावर मात्र स्लाइड एकच, तीही घाईत पुढे सरकवलेली.

आता त्या पिनेकडे येतो.

त्या पिनेचा प्रश्न गेज आर अँड आरने सुटलाच नसता. मायक्रोमीटर समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजतो. सेंटरलेसवर जॉबचा मध्य आणि दोन्ही चाकांचे मध्य एका रेषेत आले, जॉब पुरेसा वर उचललेला नसला, म्हणजे सेंटर हाइट कमी पडली, की जॉब गोल न होता तीन उंचवट्यांचा होतो. आणि त्या आकाराची गंमत अशी की तो कुठूनही मोजा, व्यास तोच येतो. मायक्रोमीटर इमानदारीने ओके म्हणतो. नव्वदच्या नव्वद रीडिंग जुळतात, अभ्यास पहिल्या नंबराने पास होतो आणि पिन होलात जात नाही, कारण होलाला दोन बिंदूंशी देणंघेणं नसतं, त्याला पिनेचा अख्खा घेर सामावून घ्यायचा असतो. म्हणजे त्या दिवशीच्या कोर्सचा विषय आणि त्या माणसाची अडचण एकमेकांना चाटून गेली, भिडली नाहीत. पण हा प्रश्न त्याला विचारावासा वाटला तो त्या कोर्समुळेच. धंदा नेमका तिथे असतो, अभ्यासक्रम संपतो त्याच्या हातभर पलीकडे.

म्हणून ज्यांना कोर्समधून काम मिळवणं जमलं आहे ते कोर्सच्या आधी पाच-सहा दिवस एक व्हॉट्सअॅप मेसेज पाठवतात: येताना तुमचा एक रिजेक्ट झालेला जॉब आणा, तो ज्याने मोजता ते गेज आणा आणि ड्रॉइंगमधला तेवढाच भाग आणा, कस्टमरचं नाव झाकून. हे झाकणं महत्त्वाचं. खुल्या बॅचमध्ये एकाच कस्टमरला माल देणारे दोन प्रतिस्पर्धी शेजारी-शेजारी बसलेले असू शकतात. एकाचा रिजेक्शनचा जॉब सर्वांसमोर टेबलावर ठेवून "बघा, हे असं होतं" असं म्हणणाऱ्या ट्रेनरला त्या कंपनीत पुन्हा कोणी बोलावत नाही, आणि ते बरोबरच आहे. हॉलच्या मागच्या कोपऱ्यात वेगळं टेबल, त्यावर सपाट सरफेस प्लेट, व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा), स्टँडवरचा डायल, एकावेळी एकच माणूस. मोठा खर्च नाही. प्रोजेक्टरच्या भाड्याहून या टेबलाची किंमत मात्र जास्त धरावी.

हातात घेता येईल अशी वस्तू वर्गात असली की काय होतं याचं जुनं उदाहरण अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंगचं. चार हजार मण्यांची पेटी, त्यातले ८०० लाल, बाकी पांढरे, आणि ५० खळग्यांची एक फळी. वर्गातलेच लोक कामगार म्हणून उभे करायचे, फळी बुडवून पांढरे मणी काढायला सांगायचे, लाल निघाले की रागवायचं, कमी निघाले की शाबासकी द्यायची. थोड्या वेळात सभागृहाला कळायचं की माणूस तोच, मेहनत तीच, लाल मणी पेटीतच आहेत. पण डेमिंगची याहून उपयोगाची गोष्ट दुसरी आहे. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत इंजिनिअरांना संख्याशास्त्राचे हे धडे भरपूर दिले गेले होते. युद्ध संपलं आणि ते सगळं विझलं, त्यांच्या मते कंपन्यांच्या वरच्या लोकांना त्यातलं काही कळलेलं नव्हतं म्हणून. १९५० साली जपानी शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघाने त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी इंजिनिअरांसाठी आठ दिवसांचा कोर्स घेतला, पण कंपन्यांच्या प्रमुखांशीही बोलणं होईल हे पाहिलं. कोर्सला येणारा आणि निर्णय घेणारा ही दोन माणसं आहेत, हे त्यांना एकदा पोळल्यावर समजलं होतं.

भोसरीतही तेच. खिशात जॉब असतो सुपरवायझरच्या, चेकबुक असतं मालकाच्या ड्रॉवरमध्ये. सुपरवायझरला पुष्कळदा उत्तर अर्धं-मुर्धं ठाऊकही असतं. "ब्लेड झिजलंय, सेटिंग बदलायला पाहिजे" हे तो सहा महिने सांगत असतो. पण पिकतं तिथं विकत नाही. तेच वाक्य बाहेरच्या माणसाने टाय लावून सांगितलं की मालक वहीत लिहून घेतो. याचं मनात कुठेतरी वाईट वाटतं. सल्लागाराच्या फीमधला बराच हिस्सा त्या सुपरवायझरच्या न ऐकलेल्या बोलण्याचा असतो, आणि बिलावर त्याचं नाव नसतं. निदान रिपोर्टमध्ये तरी असावं. "आपल्या लाइन सुपरवायझरनी हे आधीच नोंदवलं होतं" या एका वाक्याला काही पडत नाही.

त्या सुपरवायझरच्या हातात मालकासाठी काय द्यायचं, इथे बहुतेक जण घसरतात. कोणी चकचकीत ब्रोशर देतो, कोणी चाळीस स्लाइडचा पेनड्राइव्ह. मालक दोन्ही उघडत नाही. द्यायचा तो एक कागद, मराठीत, हाताने लिहिलेला असला तरी चालेल: जॉब कोणता, गेल्या महिन्यात किती परत आले, एका जॉबची किंमत किती, गुणाकार किती, संशय कशावर आहे आणि तो तपासायला मशीनजवळ किती तास लागतील. आकडे सुपरवायझरनेच भरायचे, ट्रेनरने फक्त रकाने आखायचे. रुपयांतला तो गुणाकार मालकाच्या टेबलावर पोचला की फोन येतो. मग विषय कोर्सचा राहत नाही.

फुकट किती सांगायचं, हा खरा अवघड भाग. एक जुनी पद्धत हातचं राखून शिकवण्याची. सूत्र सांगायचं, किल्ली सांगायची नाही, म्हणजे लोक परत येतील. लोक परत येत नाहीत. त्यांना वास येतो. दुसरी भीती अशी की सगळंच सांगितलं तर आपली गरज काय? ही भीती मात्र पोकळ आहे. ज्ञान कमी पडलं म्हणून अडलेले कारखाने थोडेच असतात. बहुतेकांचं अडतं ते वेळेवर, मशीन दोन तास बंद ठेवायच्या परवानगीवर आणि मालकाला नको ते ऐकवायच्या धाडसावर. त्यामुळे उभ्या-उभ्या दहा मिनिटांत सांगता येईल ते मोकळेपणाने सांगून टाकावं, आणि मशीनशेजारी उभं राहावं लागेल त्याचे पैसे घ्यावेत. तरीही मन थोडं खात राहतं. आपण शिकवायला उभे आहोत की गळ टाकून बसलो आहोत? ज्याला हा प्रश्न कधीच पडत नाही त्याचा कोर्स मी तरी टाळीन.

व्यवहाराच्या बाकी गोष्टी रूक्ष आहेत, पण बुडवतात त्याच. एखाद्या संस्थेमार्फत शिकवत असाल तर मानधनाचं पत्र नीट वाचा, तिथल्या प्रशिक्षणार्थींशी अमुक महिने थेट काम करणार नाही असं कलम त्यात बऱ्याचदा असतं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेसाठी ऑडिट करत असाल तर ज्याचं ऑडिट त्याला सल्ला, हे चालत नाही. पहिल्या भेटीची फी वेगळी आणि छोटी ठेवावी, एक दिवस, शेवटी दोन पानांचा रिपोर्ट, बस. मोठं काम मिळालं तर ती त्यात वळती करून द्यावी. मोठ्या कामाच्या पत्रात भेटी किती, किती दिवसांनी, आणि त्यात काय येत नाही, हे आकड्यांत लिहावं. नाहीतर तिसऱ्या भेटीला "सर, आलाच आहात तर ऑडिटच्या फाइलीपण बघता का?" आणि पाचव्या भेटीला "मुलाचा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट आहे." वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. त्यापुढे प्रशिक्षण असो की सल्ला, १८ टक्के लावावा लागतो. बिलातून सहसा १० टक्के टीडीएस कापला जाईल, तो गेला म्हणून रडू नये, रिटर्नमध्ये तो करात धरला जातो, जास्तीचा परत मिळतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, मात्र पहिल्याच आठवड्यात करावी. २००६ च्या एमएसएमई कायद्याने नोंदणीकृत छोट्या उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत उलटून गेलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च करात दाखवताही येत नाही. अकाउंट्सवाल्याला हे माहीत असतं. बिलावर उद्यम नंबर दिसला की चेक थोडा लवकर हलतो, कायद्याचा एक शब्द न बोलता.

कोर्सनंतर दहाव्या दिवशी एक फोन. त्यात "काही काम असेल तर सांगा" हे वाक्य नको. एवढंच विचारायचं: "ती नव्वद रीडिंग घेतली का?" बहुतेक जण म्हणतात, सर, सध्या लोड आहे. चौदातले दोघं-तिघं शीट पाठवतात, वाकड्या फोटोत, वर तेलाच्या बोटांचे ठसे. त्या शीटवर लाल पेनने खुणा करून दुसऱ्या दिवशी परत पाठवायच्या. पुढची सगळी कामं त्या दोघा-तिघांकडून येतात. उरलेल्या अकरा-बारा जणांनी फीडबॅक फॉर्मवर "एक्सलंट" लिहिलेलं असतं.

पुढे त्याच हॉलमध्ये दुसऱ्या कोणाचातरी कोर्स होता. मागच्या कोपऱ्यात ग्रॅनाइटची छोटी प्लेट, त्यावर ९० अंशांचा व्ही-ब्लॉक. चहाच्या सुट्टीत एक काका तिथे आले, पन्नाशी ओलांडलेले, चष्मा कपाळावर. खिशातून पिन निघाली. तीच तक्रार, शब्दही जवळपास तेच. बाई ट्रेनर होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, पिन रुमालाने पुसली, ब्लॉकमध्ये ठेवली, डायलचं टोक वर टेकवलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्हीच फिरवा. हळू." काकांनी चष्मा खाली घेतला आणि पिन दोन बोटांनी फिरवली. काटा वर गेला, खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. एका फेरीत तीनदा. काकांनी पुन्हा फिरवली, काट्याकडे पाहत, ओठ हलवत मोजत.

"६० अंशांच्या ब्लॉकमध्ये पाच उंचवट्यांचा जॉब ठेवलात तर काटा हलायचाच नाही, तेवढं लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या. "तुमचा तीनचा आहे. सेंटर हाइट बघायला लागेल."

काका काही वेळ बोलले नाहीत. मग पिन कॉटन वेस्टमध्ये गुंडाळत म्हणाले, "मॅडम, हे आमच्या मालकांसमोर करून दाखवाल का? पुढच्या गुरुवारी जमेल?"

"गुरुवारी नको," बाई म्हणाल्या. "बुधवारी येते. मशीन चालू पाहिजे."